पाखरं राखा हो, ईनबाई

त्या सकाळी तलावाच्या पाळीवर आपन चौघं होतो. तुमी होते, लांब नळीचा कॅमेरा तिपाईवर बसवून. देवरावजी होते, तुमच्या हापिसातले जुने दोस्त, गळ्यात दुर्बीन. धरमपेठच्या नलूताई होत्या, चहाचा थर्मास मांडीत धरून. आनी चौथी मी, तुमच्या सुनेची माय, सगळ्यायच्या मांगं, डोक्यावर पदर, पायात लेकीच्या जुन्या चपला. पाचवं कोनी नोतं. भोरड्या आल्या त्या मंग आल्या.

इवाईबुवा, रविवारी पाखरं पाहाले जानाऱ्या तुमच्या मंडळीनं मले म्हन्लं का तुमच्याबद्दल काही सांगा, आमी ते सगळ्यायले वाचाले देऊ. मी बोलून राहिली आनी नात लिहून राहिली. तुमची नोकरी, तुमचं वय, कोन मांगं राहिलं, ते जावयानं पेपरात देल्लं हाय. मी ते सांगत नाई. मी तुमच्याशीच बोलते. त्यायले ऐकाचं तं ऐकावं.

मालक गेले तवा मी गावात एकटी पडली. घर दुसऱ्याचं होतं, ते सोडावं लागलं. लेक एकच, सुनी. ती मले शहरात, मनीषनगरात तुमच्या घरी घेऊन आली. लेकीच्या सासरी रहानं काय असते, ते आमच्याकडच्या बायायले सांगाव नाई लागत. लेकीच्या घरचं मायनं पानी बी पेऊ नये, अशी आमची रीत. मी गावाहून माहा एक गिलास आनला होता. त्यातच पेत होती, आपल्याच हातानं घासून खिडकीत पालथा घालत होती. जेवाले सगळ्यायच्या मांगून, ओट्यापाशी खाली बसून, एक पोळी. कोनी मले काही बोललं नाई जी. सुनी चांगली, जावई चांगले. पन मीच भिताडाच्या कडेकडेनं चालत होती.

एक रोज तुमी झुल्यावर बसून चहा पेत होते. मी आंगन झाडून राहिली होती. तुमी सहज विचारलं का लहानपनी तुमी काय करत होत्या, ईनबाई. इवायासमोर तोंड वर करून बोलाची मले सवय नोती. मी खाली पाहूनच म्हन्लं,

"पाखरं राखत होती जी."

तुमचा कप हातातच राहिला. तुमाले येवढं काय झालं ते मले समजलं नाई. मी आपली झाडाले लागली.

आमच्या काटोलकडं पाखरं राखनं म्हनजे वावर राखनं. जवारी दान्यावर आली का माळ्यावर चढाचं, गोफन फिरवाची, हाकारे द्याचे, आनी पाखराले दान्यावर बसू द्याचं नाई. तुमी धरमपेठेत वाढलेले. तुमाले वाटलं, जशी कोनी गाय राखते, बकऱ्या राखते, तशी ही बाई पाखरं राखत होती. तुमी तवाच देवरावजीले फोन लावला. मी अंदर गेली होती, पन ऐकू येऊन राहिलं होतं.

"अरे देवराव, माझ्या घरात पाखरं राखणारी बाई आहे आणि मलाच पत्ता नाही."

रविवारी देवरावजीची गाडी दारात. मी म्हन्लं, मी कायले. तुमी म्हन्ले, तुमच्याशिवाय कोन. सुनीनं मले ढकलूनच बसवलं. मांगं माह्या बाजूले नलूताई. त्यायनं मोठ्या कौतुकानं विचारलं का कोनती कोनती पाखरं राखली. मी म्हन्लं, भोरड्या, पोपट, चिमन्या, ज्या येत त्या. त्या म्हन्ल्या, "किती छान." मी म्हन्लं, छान कायचं बाई, गळा फाटून जाय हाका मारू मारू. तं त्यायनं माहा हातच धरला. त्यायले वाटलं मी लाडानं हाका मारत होती.

मंग ती पाळ. तलावाच्या मांगं जवारीचं वावर, दाने भरलेले, कनसं वाकलेली. तुमी सगळे असे गप बसले जसं कोनी झोपलेलं लेकरू हाय समोर. मले कोनी सांगतलं नाई कायची वाट पाहून राहिलो. थंडी होती. मंग वरून ते काळं-गुलाबी ढग आलं. भोरड्या. माह्या जल्माच्या दुश्मन. आभाळात येक गिरकी घेतली आनी सगळ्याच्या सगळ्या त्या जवारीवर उतरल्या.

तुमी श्वास रोखून बोट कॅमेऱ्यावर ठेवलं होतं. मी ते पाह्यलं नाई. मी जवारी पाह्यली. माहे पाय आपोआप उठले, हातात ढेकूळ कवा आलं ते मले माईत नाई, आनी गळ्यातून ते निघालं जे इतक्या वर्सात निघालं नोतं.

"हा हा हाऽऽ, हो हो होऽऽ!"

वावर उठलं जी. सगळ्या भोरड्या येकदम वर. नलूताईच्या हातचा कप पाळीवरून गडगडत खाली गेला. देवरावजी दुर्बीन सोडून माह्याकडं पाहून राहिले. ते थंडी लागल्यापासून या येका सकाळची वाट पाहून राहिले होते, हे मले मांगून समजलं.

"बाई, हे काय केलं तुम्ही?"

मी म्हन्लं, "राखन केली जी."

 मंग तुमी हळूच विचारलं, "ईनबाई, पाखरं राखणं म्हणजे हे?" मी म्हन्लं, हो जी, दुसरं कोनतं राह्यते? तुमी पाळीवर खालीच बसले. मले वाटलं, छातीत कळ आली का काय. पन तुमी हसून राहिले होते. आवाज नाई, नुसते खांदे हलत होते, डोळ्यातून पानी. देवरावजी हसले नाई. परतीच्या वाटेवर बी ते माह्याशी बोलले नाई, आनी त्यायचं चुकलं असं मी म्हनत नाई.

मले धरती फाटून अंदर जावंसं झालं होतं. इवायाच्या दोस्तासमोर, परक्या बाईसमोर, असं हेल्या-रेड्यावानी ओरडनं. तुमी उठले, थर्मासमधून चहा काहाडला, डब्यातून पोहे काहाडले, माह्यासमोर ठेवले. मी नोको म्हन्लं. तुमी तिकडं तलावाकडं पाहूनच बोलले, मले लाज वाटू नये म्हनून.

"हे घर नाही, ईनबाई. इथे लेक नाही, जावई नाही. पाळ आहे. पोटभर खा."

मी खाल्लं. आजवर तुमाले सांगतलं नाई, आता सांगते. त्यापासून दर रविवारी त्या डब्यात पोहे जास्ती राहत. सुनी म्हने, बाबायची भूक वाढली. तुमची भूक वाढली नोती. मले पयल्याच रोजी समजलं होतं का तुमचा डोळा कॅमेऱ्यात असते तरी माह्या ताटावर बी असते. मी बोलली नाई. इवायाले कसं म्हनाचं, तुमी मले जेवू घातलं? शब्दच नोता माह्यापाशी. आता बी नाई.

भोरड्या उठल्या तवा तुमचं बोट दबलं होतं. तो फोटू हालमधी लावला हाय. त्यात येक बी पाखरू धड दिसत नाई, नुसतं पुसलेलं पुसलेलं. पाहुने विचारत, हा धूर हाय का? तुमी म्हनत, "नाही, ही आमच्या ईनबाईंची आरोळी आहे." मी सयपाकघरात पदर तोंडाले लावत होती. जावयानं चांगले चांगले फोटू मोठे करून आनले, नवरंगाचा, खंड्याचा, पन तुमी तो हटवू देल्ला नाई.

मंग मी दर रविवारी येऊ लागली. गप बसनं शिकली, ते माह्यासाठी गोफनीपेक्षा कठीन होतं. पाखरायची नावं मले काही ध्यानात राह्यली नाई. लांब पायाचं जे दिसन ते बगळा. तुमी सांगत, हा बगळा नाही, हा करकोचा. मी म्हनत होती, असन, पन बगळ्यावानी हाय. तुमी डोक्याले हात लावत. देवरावजी बी हळूहळू बोलाले लागले. गाडीत बसताना म्हनत, ईनबाई, गळा घरी ठेवून आल्या ना? मी म्हनत होती, आनला हाय जी, तुमच्यासाठीच.

आपलं भांडन तेवढं अर्धं राह्यलं. येकदा माळरानावर बसलो होतो, तुमी विचारलं का शाळेत काहून नाई गेल्या. मी सांगतलं. जवारी दान्यावर येयाचे आनी शाळेचे दिवस येकच. वावर आमचं नोतं, दुसऱ्याचं होतं. मी माळ्यावर चढली तं मायले जवारी भेटे, नाई चढली तं चूल थंडी. सकाळी चंद्र असताच जाचं, कारन पाखरं आपल्या आंधी उठतात. बोटाले गोफनीच्या दोरीचे घट्टे. सांजेले गळ्यातून आवाज निघे नाई, खुनेनं भाकर मांगाची. भोरड्या परत आपल्या देशाले जात तवा शाळेत पुढचे धडे झालेले राहत. मंग मास्तरनं नाव काहाडून टाकलं. मी रडली नाई. मी येवढंच म्हन्लं तुमाले का पाखरायनं माही शाळा खाल्ली जी.

तुमी कॅमेऱ्यातून डोळा काहाडला.

"पाखरांनी नाही खाल्ली, ईनबाई."

"मंग कोनं?"

"माणसांनी."

"कोनत्या मानसानं? माह्या मायनं?"

तुमी कॅमेऱ्याचं झाकन लावलं. मंग म्हन्ले, विचार करून सांगतो. त्यापासून गाडीत बसलो का मी विचारत होती, सुचलं का जी? तुमी म्हनत, अजून नाही. तुमी दुसऱ्या कोनाले असं खोटं-नाटं काही सांगून मोकळे झाले असते. मले नाई सांगतलं. म्हनून मी बी सोडलं नाई. तो जबाब आता तुमच्यासंगच गेला, आनी माहा भोरड्यायवर अजून रागच हाय. पन अर्धा.

या उन्हाळ्यात बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर टिटवीनं अंडी घातली. तुमाले गच्चीवरून दिसली. मले वर बोलावलं, बोट दाखवलं, मले काहीच दिसेना. खाली मुरूम, गिट्टी, कोनी टाकलेल्या फुटक्या टायल्या. टिटवी घरटं करत नाई, उघड्या जमिनीवरच चार अंडी ठेवते, आनी ती अशी गिट्टीसारखी का मानूस पाय देऊन जाईन तरी समजनार नाई. मी म्हन्लं, फोटू काहाडा ना. तुमी म्हन्ले, अंड्यांचा फोटो काढायचा नाही. फोटो पाहून लोक येतात, लोक आले का कावळे येतात. हा तुमचा कायदा. कॅमेरा गळ्यात होता, पन बोट लावलं नाई.

ऊन चढलं का ती नालीच्या पान्यात पोट भिजवून येई आनी अंड्यावर बसे, अंडी उकडू नये म्हनून. तुमी मले ते दाखवलं. मी पाहत राह्यली. त्या दुसऱ्याच्या वावरात माही माय असंच करत होती. लुगड्याचा पदर ओला करून माह्या डोक्यावर ठेवून जाय. हे मी तुमाले सांगाचं ठेवलं होतं रविवारसाठी.

रविवार आला नाई. शुक्रवारी तुमाले दवाखान्यात नेलं. गाडीत बसवताना तुमी कोनाचं नाव घेतलं नाई, सुनीचं नाई, मुलाचं नाई. ते काळजीनं येडे झाले होते. तुमी माह्याकडं पाह्यलं. दम लागत होता, तरी ओठावर तेच हसू होतं, पाळीवरचं.

"पाखरं राखा हो, ईनबाई."

मी मान हलवली. तोंडानं हो म्हन्लं नाई. समोर जावई होते, शेजारी होते, मी पदर सावरत राह्यली. मंग तुमाले घरी आनलं ते झाकूनच.

टिटवीले मानसाच्या जान्या-येन्याचं काय समजते. घरासमोर गर्दी झाली, ती घाबरली, डोक्यावरून फिरून फिरून वरडली. रात्री बी वरडली. तुमाले माईतच हाय लोक टिटवीले काय म्हनतात. तिसऱ्या रोजी हालमधी सगळे बसले होते. तुमची बहीन, काटोलच्या आत्याबाई, रडू रडू बसलेल्या. बाहेर पुन्हा ती आवाज करून राहिली. आत्याबाई म्हन्ल्या, ही अवदसा घरावर वरडली म्हनून माहा भाऊ गेला. आता आनखी कोनाले नेईन. जावयाले म्हन्ल्या, तिची अंडी फेकून दे. तुमचा मुलगा उठला. त्याच्या डोळ्यात मले दिसलं का त्याले बी कोनावर तरी राग काहाडाचा हाय. मंग आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं.

"ईनबाई, तुमाले तं पाखरं हाकलता येते म्हने. हाकला तिले."

इवाईबुवा, त्या घरात मी कोन? लेकीची माय. चहा पाहिजेन का, पोळी टाकू का, यापलीकडं त्या हालमधी माहा आवाज कोनी ऐकला नोता. मी मान वर केली. भिताडावर तो फोटू होता.

मी म्हन्लं, "मी हाकलनार नाई. मले राखाले सांगतलं हाय."

आत्याबाई म्हन्ल्या, कोनं सांगतलं? मी म्हन्लं, तुमच्या भावानं. जाताना. मंग मी येवढंच म्हन्लं का टिटवी ते जायाच्या आंधीपासून अथी बसून हाय, ती त्यायले न्याले आली नोती, आपली लेकरं उबवाले आली. मानूस मेलं का कोनाले तरी दोष द्यावा वाटते. मले बी वाटलं होतं मालक गेले तवा.

सुनी रडाले लागली. जावई तसेच उभे. मले वाटलं, आता हे म्हनतीन, आई तुमी आतमधी जा. ते बाहेर गेले. मी दारातून पाह्यलं, हातात काय घेते म्हनून. त्यायनं प्लास्टिकची खुर्ची उचलली, प्लॉटच्या कडेले सावलीत नेऊन ठेवली, तुमची मोठी छत्री तिले बांधली. मंग घरातून पान्याचा गिलास आनून माह्या हातात देल्ला. घरचा गिलास. मी पेली. पूर्न पेली.

तवापासून मी अथीच बसते. आत्याबाई परवा गावाले गेल्या. जाताना माह्याशी बोलल्या नाई, पन येक संत्रं खुर्चीवर ठेवून गेल्या.

काल डंपर आला. प्लॉटवाल्याले घर बांधाचं हाय, त्याचं बी काही चुकत नाई. डंपर गिट्टी भरून उलटा उलटा अंदर येऊन राहिला होता. डायवरले मांगचं दिसत नोतं. टिटवी चाकासमोर पंख पसरून उभी. मी हात हलवले, त्याले दिसेना. पाय माहे आता धावत नाई. मंग मी पोटापासून हाकारा देल्ला, जसा भोरड्यायले देल्ला होता, सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. डंपर थांबला. डायवर उतरला, घाबरून गेला होता.

"क्या हुआ मावशी, कोई दब गया क्या?"

मी म्हन्लं, दबलं नाई, दबनार होतं. त्याले दाखवलं. त्याले बी दिसेना. तो उकिडवा बसला, मी काडीनं लांबून दाखवलं, तवा दिसलं. त्यानं टोपी काहाडून डोकं खाजवलं, म्हने, "येवढी गिट्टी टाकली मावशी आजवर, कधी खाली नाई पाह्यलं." प्लॉटवाल्याले फोन लावला, काहीबाही सांगतलं, आनी गिट्टी रस्त्याच्या कोपऱ्यात खाली करून गेला. प्लॉटवाला संध्याकाळी आला. म्हने, उडून जातपर्यंत थांबतो, पन जास्ती नाई.

आज सकाळी तीन अंडी फुटली, पिल्लं निघाली. कापसाचे बोंड काड्यावर उभे केल्यावानी. निघाली तशी धावाले लागली. चौथं अंडं अजून तसंच हाय. टिटवी त्याच्यावर बसून हाय आनी तीन लेकरं तिच्या पोटाखालून बाहेर-अंदर करून राहिली. नातीनं तुमचा कॅमेरा आनला, म्हने आजी, येक काढू ना. मी नाई म्हन्लं. अंड्याचा फोटू काहाडाचा नाई. देवरावजी येऊन लांबूनच पाहून गेले, दुर्बीन मले देऊन गेले, डोळे पुसत. फोटू नाई म्हनून मी तुमाले असं तोंडानं सांगून राहिली. तुमाले दिसलं असन तं बरंच हाय.

तुमी म्हन्लं तवा मी हो म्हन्लं नोतं. आता म्हनते. हो जी. राखते.

आनी जे कोनी हे वाचून राहिले, त्यायले माहं येकच सांगनं हाय. उन्हाळ्यात रिकाम्या प्लॉटवर गाडी घालाच्या आंधी, मुरूम-गिट्टी टाकाच्या आंधी, येकदा खाली उतरा आनी पायाखाली पाहा. टिटवी डोक्यावर येऊन वरडत असन तं तिले दगड मारू नोका. तिथीच थांबा, आनी आनखी नीट पाहा.